होरिमिया: एकाच सिरीजवर दोन उलट्या तक्रारी

आमच्याकडे होरिमिया ही जपानी ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशनची सिरीज, तिघांनी मिळून बघितली, मी, माझी धाकटी बहीण आणि मावसभाऊ. 10 जानेवारी 2021 ला पहिला एपिसोड आला, 4 एप्रिलला तेरावा म्हणजे शेवटचा आला, आणि त्या रात्री तिघांची तीन तोंडं तीन दिशांना. मावसभाऊ म्हणाला, ताई, गोष्ट तर सातव्या एपिसोडलाच संपली होती, पुढचे सहा काय म्हणून बघितले आपण? मी नेमकी उलट्या कारणाने चिडले होते, कारण मी तिचा मूळ मांगा म्हणजे जपानी कॉमिक वाचला होता आणि किती कापलंय, काय काय गाळलंय हे मला दिसत होतं, मला अजून हवं होतं. बहीण काहीच बोलली नाही, तिने गुपचूप परत पहिला एपिसोड लावला.

नंतर कळलं की हे फक्त आमच्या घरातलं भांडण नव्हतं. ही सिरीज बघितलेल्या कोणाशीही बोला, साधारण याच दोन तक्रारी येतात. एक म्हणते की दुसऱ्या अर्ध्यात काही घडतच नाही, दुसरी म्हणते की भरपूर काही घडत होतं आणि तुम्ही ते कापून टाकलंत. आता या दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा असतील? आणि गंमत अशी की दोन्ही गटातले बहुतेक लोक शेवटी हेही म्हणतात की सिरीज आवडली. मला हे प्रकरण बरेच दिवस डोक्यात होतं म्हणून आता नीट बसून लिहितेय.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. होरी क्योको ही शाळेत सगळ्यांना हवीहवीशी मुलगी, अभ्यासात हुशार, नीटनेटकी. पण आईवडील कामानिमित्त बाहेर, त्यामुळे घरी आली की केस बांधून, मेकअप पुसून स्वयंपाक, कपडे, धाकट्या भावाला सांभाळणं, आणि हे ती वर्गातल्या कोणाला कळू देत नाही. मियामुरा इझुमी हा त्याच वर्गातला चष्मेवाला, लांब केसांचा, कोणाशी न बोलणारा मुलगा. एक दिवस होरीचा छोटा भाऊ सोता कुठेतरी लागून घेतो आणि एक कानभर पिअर्सिंग असलेला, टॅटूवाला मुलगा त्याला घरी आणून सोडतो. तोच हा मियामुरा. दोघांनाही एकमेकांचं घरचं रूप कळलं, आणि ते दोघांनी आपल्यापुरतं ठेवायचं ठरवलं. बस, एवढंच बीज आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी नाहीतर आपल्याकडच्या माणसाला प्रश्न पडतो की टॅटू आहे तर आहे, त्यात एवढं काय? माझ्या आजीच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं, कपाळावर तुळस होती, आणि ते सौभाग्याचं लेणं समजलं जायचं. जपानमध्ये टॅटूचा संबंध अनेक वर्षं याकुझा म्हणजे तिथल्या संघटित गुन्हेगारांशी जोडला गेलाय. आजही बऱ्याच सार्वजनिक स्नानगृहांत आणि गरम पाण्याच्या कुंडांवर टॅटूवाल्यांना आत सोडत नाहीत, आणि शाळेत तर विचारच करायला नको. म्हणून मियामुरा उन्हाळ्यातही लांब बाह्या सोडत नाही, पोहण्याच्या तासाला पाण्यात उतरत नाही, केस कानांवर वाढवून ठेवतो. त्याने हे सगळं स्टाइल म्हणून केलेलं नाही, लहानपणापासून एकटा पडलेला मुलगा एकटेपणात स्वतःच्या अंगावर काहीतरी करत बसला त्याची ती खूण आहे. हे एकदा लक्षात आलं की पहिल्या एपिसोडमधला त्याचा सहज हसरा चेहरा वेगळाच दिसायला लागतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते, आणि त्यासाठी ही गोष्ट आली कुठून ते बघावं लागेल, कारण माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच आहे. 2007 मध्ये हीरो या टोपणनावाने काढणाऱ्या लेखकाने स्वतःच्या वेबसाइटवर 'होरी-सान तो मियामुरा-कुन' नावाचं कॉमिक टाकायला सुरुवात केली. चार चौकटींचं कॉमिक, जपानीत याला योनकोमा म्हणतात. चौथ्या चौकटीत छोटासा हशा नाहीतर छोटासा चटका, एवढंच. 2011 च्या डिसेंबरपर्यंत ते चाललं. त्याच 2011 मध्ये दाइसुके हागिवारा यांच्या चित्रांत तीच गोष्ट 'होरिमिया' नावाने स्क्वेअर एनिक्सच्या मंथली जीफँटसी मासिकात यायला लागली आणि मार्च 2021 पर्यंत, म्हणजे जवळपास साडेनऊ वर्षं, महिन्याला एक चॅप्टर असं करत 122 चॅप्टरवर संपली. मधल्या काळात 2012 पासून मूळ वेबकॉमिकच्या नावाने अधूनमधून एकेक ओव्हीए, म्हणजे टीव्हीवर न दाखवता थेट विक्रीला काढलेला ॲनिमे भाग, असेसुद्धा येत राहिले, पण टीव्हीवरची पूर्ण सिरीज मात्र क्लोव्हरवर्क्स स्टुडिओने 2021 मध्येच आणली, डिरेक्टर मासाशी इशिहामा.

म्हणजे कसं, ही गोष्ट लोकांनी थेंबाथेंबाने प्यायलेली आहे. महिन्यातून एकदा त्या पोरांच्या वर्गात डोकावायचं, आज कोण कोणावर रुसलंय बघायचं, आणि परत आपल्या कामाला लागायचं. यात कथानक पुढे गेलं पाहिजे अशी घाई कोणालाच नव्हती. लोणचं मुरायला ठेवलंय, रोज बरणी उघडून वास घ्यायचा, असं.

आणि ॲनिमेकडे काय होतं? तेरा एपिसोड. ओपनिंग एंडिंग सोडलं तर एकेका एपिसोडमध्ये साधारण 21 मिनिटं उरतात, म्हणजे सगळे मिळून 273 मिनिटं. त्याला 122 ने भागा, एका चॅप्टरला सव्वादोन मिनिटंसुद्धा येत नाहीत. हा हिशोब मी तेव्हा वहीच्या मागच्या पानावर केला होता आणि मावसभावाला दाखवला होता. तो म्हणाला मग सरळ अर्धीच गोष्ट घ्यायची ना, कशाला सगळं कोंबायचं. खरं सांगते, त्याचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. पण सिरीज करणाऱ्यांनी ठरवलं की ग्रॅज्युएशनपर्यंत जायचं. मार्चमध्ये मांगा ग्रॅज्युएशनवर संपला, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ॲनिमे ग्रॅज्युएशनवर संपली, त्याच फेब्रुवारीत खऱ्या नटांना घेऊन केलेला सिनेमा आणि टीव्ही ड्रामासुद्धा आला. सगळं एकाच मुहूर्तावर. एकदा शेवट गाठायचाच म्हटल्यावर मधलं काय काय गाळायचं एवढाच प्रश्न उरतो.

पहिले सहा-सात एपिसोड लोकांना का आवडले ते मात्र मनापासून सांगायला हवं, कारण ते खरंच फार सुंदर झालेत. शाळेतल्या रोमान्सची नेहमीची पद्धत आपल्याला माहीत आहे, दोघांना एकमेकांबद्दल वाटतं, पण बोलायला पंचवीस एपिसोड लागतात. कधी कोणी मधे येतं, कधी फटाके वाजतात आणि नेमका तोच शब्द ऐकू येत नाही. किमी नि तोदोके घ्या, मला ती फार प्रिय आहे, पण 2009 मध्ये पहिला सीझन सुरू झाला आणि ते दोघं एकत्र आले 2011 च्या दुसऱ्या सीझनमध्ये. होरिमियामध्ये चौथ्याच एपिसोडला होरी तापाने अंथरुणात आहे, मियामुरा शेजारी बसलाय, ती झोपली असं समजून तो हळूच सांगून टाकतो की तू मला आवडतेस. आणि ती जागी असते. बस. ना फटाके, ना गच्ची, ना पाऊस. तापलेली खोली, अर्धवट अंधार आणि एक साधं वाक्य. आम्ही तिघंही सोफ्यावर सरळ उठून बसलो होतो. एकदाचं घोडं गंगेत न्हालं, आणि तेही चौथ्या एपिसोडला!

इशिहामांची एक खुबी इथे दिसते. भावनेचा क्षण आला की माणसाच्या आजूबाजूचं सगळं गळून पडतं, चेहऱ्याऐवजी नुसती एका रंगाची आकृती उरते, किंवा सावली वेगळ्याच रंगाची होते. जे चार चौकटींच्या कॉमिकमध्ये एका रिकाम्या चौकटीने होतं ते इथे रंगाने होतं. मांगा वाचलेल्यांनासुद्धा हे नवीन होतं, आणि कापाकापीची तक्रार करणारे आम्ही लोक हे मात्र कबूल करतो की जेवढं ठेवलंय तेवढं जीव ओतून केलंय.

आणि ते नावाचं. जपानमध्ये शाळेतली मुलं एकमेकांना आडनावाने हाक मारतात, त्यामुळे कितीही जवळ आले तरी ही होरी-सान आणि तो मियामुराच. पहिल्या नावाने हाक मारायची वेळ येते तेव्हा दोघांची जी काय अवस्था होते! इंग्रजी सबटायटलमध्ये हे नीट पोचत नाही असं बऱ्याच जणांचं म्हणणं ऐकलंय, एवढं लाजण्यासारखं काय आहे असं. पण आपल्याला हे समजवायला लागतच नाही हो. ज्या घरात आजी आयुष्यभर आजोबांना 'अहो' म्हणत राहिली आणि नाव घ्यायचं तर लग्नाकार्यात उखाण्यातून, सगळ्यांनी आग्रह केल्यावर, पदराआड हसत, त्या घरातल्या माणसाला होरीच्या तोंडून 'इझुमी' का निघत नाही हे बरोबर कळतं. माझ्या आईने तो प्रसंग जाता जाता बघितला, तिला ना जपानी येत ना ती ॲनिमे बघते, ती म्हणाली, नाव घेता येईना का पोरीला.

सातव्या एपिसोडमध्ये त्यांचं नातं अजून एक पाऊल पुढे जातं, शरीराने जवळ येतात, कॅमेरा काही दाखवत नाही आणि सिरीज त्याचा गाजावाजाही करत नाही. यावर कौतुकच जास्त ऐकलं मी, की बघा, शाळेतल्या मुलांचं प्रेम कोणीतरी खरं धरून चाललंय. मावसभावाची गोष्ट इथे संपली. आणि खरंच, जर तुम्ही ही 'होणार का नाही होणार' या दोरीवर चाललेली गोष्ट म्हणून बघत असाल तर दोरी इथे संपते. पुढे तणाव नाही. ते दोघं एकत्र आहेत, भांडत नाहीत, तुटत नाहीत.

मग पुढे काय आहे? पुढे आहेत बाकीची माणसं. इशिकावा तोरू, ज्याने सुरुवातीलाच होरीला विचारलं होतं आणि तिने नाही म्हटलं, तोच पुढे मियामुराचा सगळ्यात जवळचा मित्र होतो. योशिकावा युकी, होरीची मैत्रीण, जिला तोरू आवडतो पण जी कधीच काही मागत नाही. कोनो साकुरा, विद्यार्थी मंडळातली शांत मुलगी, तिलाही तोरू आवडतो, तिने त्याच्यासाठी कुकीज करून आणल्या. युकी स्वतःच्या अडचणीतून सुटायला तोरूला खोटाखोटा बॉयफ्रेंड बनवते आणि मग त्या खोट्यातून तिघंही बाहेर पडू शकत नाहीत. शेवटी साकुराला नकार मिळतो, आणि युकी तोरूचं तरी जमतं का? ॲनिमेमध्ये तरी कोणी स्पष्ट काही बोलत नाही. यावर लोक फार वैतागले. मुख्य जोडीचं चार एपिसोडमध्ये झालं आणि हे तिघं काय असे लोंबकळत ठेवलेत?

मला विचाराल तर अख्ख्या सिरीजमधला सगळ्यात खरा भाग हाच आहे. बारावीत आमच्या ग्रुपमध्ये अशी एक मुलगी होती जिने कधी काही सांगितलंच नाही, आणि आज पंधरा वर्षांनी तिच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही सगळे जातो, तोही येतो, त्याची बायकोही येते. अशा गोष्टींना शेवट नसतो. पण हे मला पटतं कारण मांगामध्ये मी या तिघांसोबत कित्येक चॅप्टर घालवले होते. साकुरा माझ्या ओळखीची होती. ॲनिमेमध्ये ती आली, रडली, आणि पुढच्या एपिसोडमध्ये दुसऱ्याच कोणाचा विषय. ज्याने मांगा वाचला नाही त्याला तिच्यासाठी वाईट वाटायला वेळच मिळाला नाही, मग त्याला तो भाग 'उगाच ओढलेला' वाटला तर त्यात त्याचा काय दोष?

म्हणजे बघा, मावसभावाला जे लांबलेलं वाटलं ते मला तुटलेलं वाटत होतं, आणि जागा एकच होती! दोघंही साकुराच्या कुकीजपाशीच अडलो होतो. अनोळखी माणसाच्या लग्नाचा अल्बम बघताना वीस फोटोपण फार वाटतात, आपल्या माणसाचा असला तर दोनशे कमी पडतात, तसंच काहीसं.

याहून मोठं नुकसान होरीचं झालं असं मला वाटतं, आणि यावर फार कमी लोक बोलतात. होरीची एक सवय आहे, मियामुरा इतका गोड आणि मऊ आहे की तिला वाटतं त्याने कधीतरी आपल्यावर ओरडावं, दरडावावं, रागाने बोलावं, आणि ती त्याला तसं करायला भाग पाडते. त्याला ते जमत नाही, आवडत तर त्याहून नाही, तो कसनुसा होतो. शिवाय ती भयंकर जेलस आहे, फटके देते, कोणीही त्याच्या जवळ गेलं की तिचा पारा चढतो. बऱ्याच प्रेक्षकांना हे अजिबात आवडलं नाही, माझ्या बहिणीलाही नाही. ती म्हणाली, ताई, हेच मुलगा मुलीशी करत असता तर आपण हसलो असतो का? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही, तिचं बरोबर आहे. समोरचा नको म्हणतोय आणि आपण लावून धरतोय, हे विनोद म्हणून दाखवलं तरी टोचायचं ते टोचतंच.

पण त्यात एक गोष्ट मला मांगा वाचून माहीत होती. तिथे हा प्रकार मधूनच येतो, मग कित्येक महिने येत नाही, मधल्या काळात होरी भावाला रागावते, सूप ढवळते, परीक्षेच्या काळजीत असते, आईची वाट बघते. हिंग चिमूटभर फोडणीत पडला तर भाजीला वास, मूठभर पडला तर ती भाजी कोणी तोंडात धरणार नाही. ॲनिमेने मधले चॅप्टर काढले आणि गाजलेले विनोदी प्रसंग ठेवले, साहजिक आहे, ते लोकांच्या लक्षात असतात. परिणाम असा झाला की मागेपुढे असलेली शांत होरी गेली आणि हीच तेवढी उरली. पहिल्या एपिसोडमधली घर सांभाळणारी, आपलं दमणं लपवणारी मुलगी आठव्या-नवव्या एपिसोडपर्यंत कुठे गेली असं बघणाऱ्याला वाटतं. लेखकाने तिला बदललेलं नाही, कात्रीने बदललंय. कापल्यावर गोष्ट फक्त छोटी होते असं आपल्याला वाटतं, पण माणसंही वेगळी होतात, आणि हे मला होरिमियामुळे पहिल्यांदा एवढं लख्ख दिसलं.

यासुदा सरांबद्दल मात्र मी कापाकापीचं कारण देणार नाही. विद्यार्थिनींबद्दल नको ते बोलणारा मास्तर आणि त्याच्यावर हसायचं, हे मांगामध्येही वाईटच होतं. ते कापलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

त्या सीझनला वातावरणही थोडं तापलेलं होतं हे लक्षात घ्यायला हवं. क्लोव्हरवर्क्सच्या एकाच जानेवारीत तीन सिरीज चालू होत्या, होरिमिया, वंडर एग प्रायॉरिटी आणि द प्रॉमिस्ड नेव्हरलँडचा दुसरा सीझन. वंडर एगचं वेळापत्रक इतकं कोलमडलं की शेवट जूनमध्ये स्पेशल एपिसोड करून द्यावा लागला. प्रॉमिस्ड नेव्हरलँडने तर मांगामधला गोल्डी पाँडचा लोकांचा लाडका भाग सरळ उडवला आणि अकरा एपिसोडमध्ये गोष्ट गुंडाळली, त्यावर जो संताप झाला तो ॲनिमे बघणाऱ्या प्रत्येकाला आठवत असेल. त्यामुळे मार्चपर्यंत मांगा वाचणारे लोक आधीच हातात कात्री कुठे दिसते का ते शोधत होते, आणि होरिमियामध्ये ती सापडली. मी स्वतः त्यातली एक होते. प्रामाणिकपणे सांगायचं तर शेवटचे तीन एपिसोड मी सिरीज म्हणून बघितलेच नाहीत, काय काय नाही याची यादी करत बघितले, आणि ते माझं नुकसान झालं.

आता बहिणीबद्दल. तिचं वय तेव्हा सतरा, बारावी सायन्स. अख्खं वर्ष मोबाइलवर लेक्चर, कॉलेजची पायरी चढली असेल नसेल. जर्नल पूर्ण करायला एकदा बोलावलं होतं तेवढंच. 4 एप्रिलला आम्ही तो शेवटचा एपिसोड बघितला आणि त्याच दिवशी राज्य सरकारने निर्बंध जाहीर केले, दुसऱ्या दिवसापासून रात्रीची संचारबंदी आणि शनिवार-रविवार सगळं बंद. त्या शेवटच्या एपिसोडमध्ये काय आहे तर ग्रॅज्युएशनचा दिवस. बर्फ, रिकामे बाक, आणि मियामुराच्या मनात येतो तो दुसरा मियामुरा, होरी कधी भेटलीच नाही असा, जो तसाच एकटा राहिला असता. तो त्या स्वतःशी बोलतो आणि मग आपल्या माणसांकडे परत जातो. कथानक म्हणाल तर काही नाही. मावसभाऊ मोबाइल बघत होता, मी यादी करत होते.

बहीण बघत होती ते बाक. हे मला खूप नंतर कळलं. जून उजाडला आणि बारावीची परीक्षाच रद्द झाली, ना पेपर, ना शेवटच्या पेपरनंतर शर्टावर सह्या, ना सेंड-ऑफला साडी. त्या दिवशी सगळे तिला म्हणत होते, सुटलीस, अभिनंदन. ती आतल्या खोलीत लॅपटॉपवर होरिमियाचा कुठलातरी मधला एपिसोड लावून बसली होती, ज्यात ही पोरं नुसती वर्गात बसून डबा खातात आणि एकमेकांची टर उडवतात. मी विचारलं, हाच का, यात तर काहीच नाही. ती म्हणाली, हो, म्हणूनच.

ज्या भागाला एक जण रटाळ म्हणत होता आणि दुसरी अपुरा म्हणत होती, त्याच भागात तिसरीला नेमकं हवं ते मिळत होतं. वर्गातला रिकामा वेळ. त्यांचा बडबड्या मित्र इउरा मोठमोठ्याने काहीतरी बरळतोय, कोणी ऐकत नाहीये, खिडकीतून ऊन येतंय. त्या वर्षी जगभरात किती मुलांचा हाच वेळ हरवला होता, जपानमध्येही 2020 च्या मार्चमध्ये शाळा अचानक बंद केल्या होत्या.

पुढची गोष्ट 2023 ची. 1 जुलैला त्याच स्टुडिओने, त्याच डिरेक्टरने आणि त्याच आवाजांनी 'होरिमिया: द मिसिंग पीसेस' सुरू केली, सप्टेंबरपर्यंत अजून तेरा एपिसोड. दुसरा सीझन नव्हे हा, पुढची गोष्ट नाही, पहिल्या वेळी जे गाळलं होतं तेच. शाळेची सहल, क्रीडामहोत्सव, साइड कॅरेक्टर्सचे छोटे छोटे प्रसंग. नावातच कबुली आहे की तुकडे हरवले होते. मला याचं फार बरं वाटलं, लोक बोलले ते कुठेतरी पोचलं असं वाटलं.

पण मतं इथेही एक झाली नाहीत. आमच्यासारखे खूश, हीच खरी होरिमिया, अशी सैल, गप्पा मारल्यासारखी. तर काहींचं म्हणणं, मग हे आधीच का नाही केलं, सरळ सव्वीस एपिसोड क्रमाने दिले असते तर साकुराच्या रडण्याआधी साकुरा कळली असती, होरीच्या रागाआधी होरीची माया दिसली असती. आता शेवट माहीत असताना मधले प्रसंग बघणं म्हणजे पंगत उठल्यावर कोशिंबीर वाढल्यासारखं. आणि मला हे दुसरं म्हणणं जास्त पटतं, जरी मी त्या तेरा एपिसोडवर जीव टाकत असले तरी. सव्वीस म्हटलं की माझा तो वहीतला हिशोब चॅप्टरमागे साडेचार मिनिटांवर जातो, चार चौकटींतून आलेल्या गोष्टीला ते खरंच पुरलं असतं.

मावसभावाने ते मिसिंग पीसेस बघितलेच नाहीत. त्याला मी खूप आग्रह केला, क्रीडामहोत्सवाचा एपिसोड लावूनही दिला, त्याने अर्धा बघितला आणि म्हणाला, छान आहे, पण ताई, मला पुढे काय होतं ते बघायला आवडतं. आधी मला याचा राग यायचा, आता येत नाही. त्याची भूक वेगळी आहे आणि पहिल्या सात एपिसोडने त्याला पोटभर वाढलं होतं.

बहीण तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. दर शनिवारी एपिसोड आला की फोन ठरलेला. तिने एका वहीत दोन्ही सिरीज एकत्र लावायचा क्रम काढलाय, कुठला तुकडा कुठल्या एपिसोडच्या मधे बसतो, सहल कशाच्या आधी, क्रीडामहोत्सव कशाच्या नंतर, अगदी मिनिटांसकट, आणि आता तिच्या रूममेट्सना ती त्याच क्रमाने दाखवते. गेल्या दिवाळीत घरी आली तेव्हा मलाही तसंच दाखवलं. साकुरा कुकीज घेऊन आली तिथे आम्ही दोघी रडलो. मावसभाऊ फराळाचं ताट घेऊन मागे उभा होता, तो खाली बसला आणि त्याने विचारलं, ही कोण गं?

बहिणीने पॉज केलं आणि मागे जाऊन पहिल्यापासून लावलं.